आपापला वेग

ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या पॅरिसच्या सायकल क्लबने १९२१ साली लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची एक नवी रीत सुरू केली. तोवर अशी फेरी सगळ्यांनी मिळून, म्होरक्या ठरवेल त्या वेगाने करायची असे. कोणी पुढे पळायचं नाही, कोणी मागे रेंगाळायचं नाही. नव्या रीतीत ज्याने त्याने आपापल्या वेगाने जावं आणि ठरलेल्या वेळेत पोहोचावं, एवढीच अट राहिली. आज पुण्या-मुंबईचे, नाशिक-नागपूरचे सायकलस्वार जिला ‘बीआरएम’ म्हणतात, ती याच रीतीची फेरी. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. वाटेत कंट्रोल पॉइंट असतात, तिथे पोहोचल्याची नोंद करायची. मदतीला मागे गाडी नाही. पंक्चर आपलं आपण काढायचं. आणि निकालात पहिला-दुसरा असा क्रमांक नाही. नऊ तासांत आलेला आणि शेवटच्या पाच मिनिटांत आलेला, दोघांची नोंद सारख्याच मानाने होते.

या जुन्या निर्णयात मला माणसावरचा मोठा विश्वास दिसतो. आपला वेग आपल्याला कळतो, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. पहिल्यांदाच २०० किलोमीटरची तयारी करणाऱ्याला मात्र नेमकं तेच अजून कळलेलं नसतं. रविवारी सकाळी ३०-४० किलोमीटर फिरून येणं निराळं. तेवढं कोणत्याही वेगाने निभतं. फेरीच्या दिवशी पहाटेच्या अंधारात पन्नास-साठ दिवे एकदम हलतात, गार हवा असते, पाय ताजे असतात, पुढच्याचं चाक धरून आपणही ओढले जातो. कात्रजचा चढ तर सहज पार होतो. दमछाक जाणवते ती शंभरीच्या पुढे, माथ्यावर ऊन आल्यावर.

त्याचं कारण शरीराच्या हिशेबात आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असते. जोर लावून चालवलं तर ती दोनेक तासांत संपत येते. चरबीचा साठा मात्र बारीक अंगाच्या माणसाकडेही भरपूर असतो. पण ती सावकाश जळते आणि श्वास शांत असतानाच मुख्यतः तिच्यावर भागतं. म्हणून सरावाचे बहुतेक दिवस इतक्या संथ गतीने चालवावेत, की शेजारच्याशी धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता यावं. अशा लांब, संथ फेऱ्यांनी स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात आणि पेशींची चरबी जाळण्याची ताकद वाढते. हे बदल डोळ्यांना दिसत नाहीत, मोबाइलमधल्या सरासरीतही लगेच उमटत नाहीत. त्यामुळे नवा माणूस कंटाळतो, रोजच जोर लावतो आणि महिन्याभरात गुडघा धरून बसतो. हा कंटाळा सोसणं मला सरावातलं सर्वांत अवघड काम वाटतं, चढापेक्षाही.

दिवे घाटात वारीतले जुने वारकरी चढताना पाहावेत. सपाटीवर जी चाल, तीच चढावर. पाऊल आखूड होतं, पण लय मोडत नाही. घाटात गिअर हलका करायचा तो याचसाठी. साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी लागला की अनेक जण हँडल आवळून, दात-ओठ खाऊन जड गिअरवर उभं राहून चढतात. बसून, हलक्या गिअरवर, पाय भरभर फिरवत चढलं तर वेळ थोडा जास्त लागतो, पण पलीकडे उतरल्यावर पाय आपले असतात. आणि उतरून सायकल ढकलत नेली तरी नियमाला काही बाधा येत नाही. त्यात संकोच कसला?

आता घड्याळाचं पाहू, कारण नवख्याची सगळी भीती घड्याळाची असते. ताशी २० ने चालवलं तर २०० किलोमीटरला १० तास लागतात, साडेतीन तास हाताशी उरतात. ताशी १८ ने चालवलं तर साधारण ११ तास ७ मिनिटं, म्हणजे उरतात २ तास २० मिनिटांच्या आसपास. १८ वरून २० वर जायला नवख्याला कित्येक महिने घाम गाळावा लागतो आणि त्यातून तासाभराची बचत होते. तोच तास अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार थांबे पंधरा मिनिटांवर आणले तरी मिळतो. चहा सांगितला, तो येईपर्यंत फोन पाहिला, मग पोहे सांगितले, मग कोणीतरी मागून येतोय म्हणून त्याची वाट पाहिली. अशा थांब्यांत फेरी हातची जाते. सराव करतानाच थांबायचाही सराव करावा. उतरल्या उतरल्या बाटल्या भरायच्या, नोंद करायची, हातात खाणं घ्यायचं, दोन मिनिटं पाठ सरळ करायची आणि निघायचं. अशाने ताशी १८ वालाही निवांत पोहोचतो.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे कशाचीच वाण नाही. खजूर, केळी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळीचा तुकडा. दर तासाला यांतलं थोडंथोडं पोटात जायला हवं, भूक लागण्याची वाट न पाहता. घामातून मीठ जातं, तेव्हा नुसतं पाणी पीत राहणं धोक्याचं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा कोकम सरबत एका बाटलीत ठेवावं. फेरीच्या दिवशी नवं काही तोंडात घालू नये आणि नवी चड्डी, नवी सीटही वापरू नये. हे सगळं सरावात अंगवळणी पडलेलं असावं. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो, तळहाताची एकच जागा दाबली गेली की करंगळीकडची बोटं बधिर होतात. पहिल्या मोठ्या फेरीपूर्वी १२०-१४० किलोमीटरपर्यंत जाऊन आलं की पुरे. शेवटचा आठवडा हलका ठेवावा.

एका गोष्टीबद्दल मला काळजी वाटते. नोकरी-घर सांभाळून तयारी करणारा माणूस वेळ काढतो तो झोपेतून. रात्री बाराला झोपून साडेचारला महामार्गावर उतरायचं, ट्रक शेजारून जात असताना डोळे जड, हे योग्य नाही. शरीराची झीज भरून निघते ती झोपेत; सरावाचं फळही तिथेच मिळतं. आठवड्यातली एक फेरी गाळली तर काही बिघडत नाही. मागचा लाल दिवा, चमकणारं जाकीट आणि हेल्मेट मात्र रस्ता रिकामा असला तरी गाळू नये. छातीत दुखणं, चक्कर, उन्हात घाम येणं थांबणं, यांतलं काही जाणवलं तर तिथेच सावलीत बसावं, सोबत्याला सांगावं, घरी फोन करावा. ती फेरी तिथे संपली असं समजावं.

आपापला वेग म्हणजे एकट्याने जाणं असंही नाही. दुपारी साताऱ्याकडून परतताना समोरून वारा आला, की सारख्या वेगाचे दोघे-तिघे आपोआप जवळ येतात, आळीपाळीने पुढे होतात. अशी सोबत फार दिलासा देते. ती जुळते मात्र आपण आपल्या गतीवर स्थिर असलो तरच. ओढत नेणाऱ्याचं आणि ओढलं जाणाऱ्याचं लांबवर जमत नाही.

२०० झालं की पुढे ३००. एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर रँडोनियर’ म्हणतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या, ९० तासांत १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस फेरीत उतरायचं तर हे चारही टप्पे त्या वर्षात करावे लागतात. पण ३०० मध्येच बहुतेकांना अंधारात बराच रस्ता कापावा लागतो, आणि अंधारात आपण दिवसा शोधलेला वेग उपयोगी पडत नाही. खड्डा दिव्याच्या उजेडात येईपर्यंत चाक त्यावर गेलेलं असतं, पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतं, भूक मंदावते. त्या वेळेचा वेग नव्याने शोधायचा असतो. तो आधी ओळखीच्या, कमी रहदारीच्या रस्त्यावर, जाणता सोबती घेऊनच शोधावा.