पर्जन्यछायेत

आमच्या माणदेशात पाऊस 'येणार' असे कोणी म्हणत नाही. 'आला तर' असे म्हणतात. मृगाच्या कोरडेपणाची आम्हांला सवय आहे. पुढे कधी ओल झालीच तर बाजरी पेरायची आणि डोळे लावायचे ते हत्तीकडे. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे बरसली की शाळूची पेर साधते, विहिरींना पाझर फुटतो आणि दिवाळीला घराघरांतून तळणाचा वास येतो. ती कोरडी गेली, तर त्या वर्षी दिवाळी केवळ पंचांगात असते.

याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. माण तालुक्यातली दहिवडी तेथून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. तिकडे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. इकडे सरासरीने पाचशेही पुरे होत नाहीत. याचे कारण शाळेच्या भूगोलात होते. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे तिथेच उतरवतात. घाट ओलांडून खाली येताना ते तापतात आणि कोरडे होतात. डोंगराच्या पाठीमागच्या या मुलखाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. उघड्या माळावर दुपारी उभ्या राहिलेल्या माणसाला 'छाया' हा शब्द थट्टेचा वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही.

लहानपणी मला वाटे, तो डोंगर आमचा पाऊस चोरतो. पण चोरीला चोर लागतो, आणि डोंगराला मन नाही. ज्याला कर्ता नाही त्याला अन्याय म्हणता येईल काय? आमचे आजे-पणजे यातून सोपी वाट काढीत. पाऊस पडला नाही की ते म्हणत, कोणाचे तरी पाप आडवे आले. असा विचार केवळ अडाणी माणसेच करतात असेही नाही. १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे गांधीजींनी म्हटले होते. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. निसर्गाच्या उत्पातांना नीतीची कारणे चिकटवणे त्यांना घातक वाटले. बुद्धीला रवींद्रनाथांचेच म्हणणे पटते. माझ्याही बुद्धीला ते पटले होते. पण पटल्यावर एक सुटकेचा निःश्वासही मी टाकला होता, आणि त्या निःश्वासाबद्दल मला आज लिहायचे आहे.

१९७२चा पावसाळा कोरडा गेला. १९७३च्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांचा होतो. माणसे सरकारी कामांवर खडी फोडायला जात, सुकडी घेऊन येत, मिलोच्या भाकरी खात. आमच्या विहिरीचा झरा मात्र आटला नव्हता. रात्रभर साचून सकाळी गुडघाभर पाणी होई. ते घराला आणि बैलांना कसेबसे पुरे. रात्रीच्या राखणीला चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, मला बसवले होते.

एके रात्री गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक बाई घागर घेऊन आली आणि विहिरीपासून दहा पावलांवर थांबली. म्हणाली, "धाकलं धनी, पोर तापलंय. तांब्याभर तरी पानी घाला."

मी म्हणालो, "पानी न्हाई. झरा आटलाय."

ती काही बोलली नाही. खाली झऱ्याचा बारीक आवाज येत होता. तो तिलाही ऐकू येत असणार. थोडा वेळ उभी राहून ती निघून गेली.

सकाळी मी हे तात्यांना मोठ्या प्रौढीने सांगितले. ते रागावले नाहीत. विडी विझवून म्हणाले, "हीर आपुन खनली. झरा कुनी खनला?" मग घागर भरून त्यांनी मला वस्तीवर धाडले. तिच्या दाराला बाहेरून कडी होती. शेजारीण म्हणाली, पोराला घेऊन सगळी पहाटेच लांबच्या कामावर गेली. मी ते पाणी शेजारणीच्या भांड्यात ओतले आणि परत आलो. पोराचे पुढे काय झाले, हे मी कधीच विचारले नाही.

पुष्कळ वर्षे ही गोष्ट मी दुष्काळाच्या खात्यावर मांडून ठेवली होती. पाऊसच नव्हता, मी तरी काय करणार! ज्यात कोणाचा दोष नाही, त्यात कोणाचे देणेही नाही, हाच तो सुटकेचा निःश्वास. पण पुढे एक प्रश्न मला छळू लागला. ती दहा पावलांवर का थांबली? सुकाळातही ती तिथेच थांबत असे. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ साली. शेहेचाळीस वर्षांत तो महाडहून आमच्या विहिरीपर्यंत पोचला नव्हता. तात्या वरून पाणी घालीत, दोराला हात लावू देत नसत. ते बोलले ते वाक्य त्यांच्याहून मोठे होते.

म्हणून आज मला वाटते, आभाळ पापाची शिक्षा देत नाही हे खरेच. देत असते तर त्या रात्री तहान मला लागायला हवी होती, तिच्या पोराला नव्हे. आभाळ फक्त कमी-जास्त पडते. त्या कमीतले किती कोणाच्या वाट्याला येईल, हे आपण पाऊस पडण्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलेले असते. १८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे लाखांनी मेली. १९७२-७३ साली पाऊस पुन्हा रुसला, पण कामे निघाली, धान्य आले आणि तसा संहार टळला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कायद्याने पाऊस पाडला नाही; काम मागणाऱ्याचे आपण देणे लागतो, एवढे मान्य केले. दोष नसतानाही देणे असू शकते, हे त्यात कबूल झाले.

आता कृष्णेचे पाणी जिहे-कठापूर योजनेने उपसून खटाव-माणकडे आणले आहे. कृष्णेचा उगम महाबळेश्वरी. म्हणजे डोंगराने अडवलेलाच पाऊस पंपावर चढून आमच्याकडे येतो आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्याच्या रानाला ते पाणी मिळते त्याचा ऊस आणि ज्याला रानच नाही त्याची घागर, यांत पहिला मान कोणाचा, हे पंप ठरवीत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागेल, आणि तेव्हा डोंगराकडे बोट दाखवता येणार नाही.

आमच्या विहिरीवर आता राखणीला कोणी बसत नाही. गावी गेलो की रात्री एकदा तरी मी काठाशी जाऊन उभा राहतो. खाली झरा चालूच असतो. तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला फार दिवसांपासून ठाऊक आहे. त्याप्रमाणे वागणे अजून पुरते जमलेले नाही.