शब्दांची सचोटी

‘आय् विल् कम् सून्’, असें इंग्रज म्हणतो, आणि ऐकणारा वाट पाहण्याची तयारी करतो. वस्तुतः ‘सून्’ या क्रियाविशेषणाचा प्राचीन अर्थ ‘तत्क्षणीं’ असा होता. ‘प्रेझेंट्ली’चीही गत तीच. १६११ च्या इंग्रजी बायबलांत हेरोदाजवळ योहानाचें शिर ‘बाय् अँड् बाय्’ मागितलें आहे, तें ‘या क्षणीं’ अशा अर्थानें. पुढें त्याचा अर्थ ‘सावकाश केव्हां तरी’ असा झाला. हे अर्थ कोशकारांनीं बदलले नाहींत. ‘आतां करतों’ म्हणून मागाहून करणाऱ्या सज्जनांनीं बदलले. अशी दिरंगाई एकेकटी निरुपद्रवी भासते. परंतु जो खरोखरच तत्काळ येणार, त्यास तिच्यापायीं नवा शब्द शोधावा लागतो. वचन मोडणारा केवळ आपली पत घालवीत नाहीं. दुसऱ्याची भाषाही खर्च करतो.