"मीच हाय की!"

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


गेल्या महिन्यातली गोष्ट. रेशनच्या रांगेत आपल्या सत्संगातले आम्ही चौघं उभे होतो. पुढं एक मावशी होत्या. त्यांचा सगळा जन्म निपाणीत विड्या वळण्यात गेलेला. पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक दुमडून दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की त्याची मजुरी. या कामात बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. मशीनवर अंगठा ठेवला, पुसून पुन्हा ठेवला, तरी जुळेना.

"अंगठा लागंना मावशी, उद्या या."
"आरं बाळा, मीच हाय की! तू बघतोयस न्हवं?"

दुकानदार त्यांना ओळखत होता. आम्हीही ओळखत होतो. पण कुणी बोललं नाही. सर्व्हर गेला तर आपला तांदूळ राहील, एवढीच आम्हाला काळजी. मावशी रिकामी पिशवी घेऊन परत गेल्या.

त्याच रात्री सत्संगात विषय होता, 'मी कोण?' देह म्हणजे मी नव्हे, यावर आम्ही छान बोललो. मग एक गुरुभगिनी म्हणाल्या, "सकाळी मावशी 'मीच हाय' म्हणत होत्या, तेव्हा आपण गप्प का बसलो?" कुणाकडंच उत्तर नव्हतं.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. बारा अंक, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो. यातून बरंच भलं झालं, ते नाकारून चालणार नाही. मधल्या माणसाच्या हातात न जाता पैसे थेट खात्यात येतात. इचलकरंजीला कामाला गेलेल्याला कर्नाटकातल्या कार्डावर तिथं रेशन मिळू शकतं.

पण मशीन 'तू कोण?' असं विचारतच नाही. समोरचा ठसा नोंदीतल्या ठशाशी जुळतो का, एवढंच बघतं आणि हो किंवा नाही सांगतं. 'नाही' म्हणजे 'जुळलं नाही'. त्याचा अर्थ 'ही ती बाई नव्हे' असा आपण लावला. मशीन खोटं बोललं नाही. आपण मात्र खरं माहीत असून गप्प राहिलो.

सीमाभागातल्या माणसाला हे कळायला जड नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला घर न हलवता आपलं राज्य बदललं. घरात मराठी बोलतो, बहुतेकांच्या कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत. कागद लागतो, तो जपायचाही. पण त्या कागदात माणूस पुरा मावत नाही, हे आपण जन्मभर बघतोय.

कुणी म्हणेल, शेजाऱ्याच्या शब्दावर धान्य द्यायचं तर पुन्हा वशिला आला. बरोबर आहे. आपल्याकडं 'ओळख आहे' याचा अर्थच 'काम होतंय' असा. खोटी नावं, खोट्या सह्या आपणच चालवल्या, म्हणून तर मशीन आलं. तेव्हा साक्ष द्यायची तर ती खरी हवी, आणि जिच्याकडून आपल्याला काही मिळणार नाही तिच्यासाठीही हवी. खुद्द आधारच्या नोंदणीत, कागद नसलेल्यासाठी ओळख देणाऱ्या माणसाची सोय ठेवली होती. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही ठसा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारू नये, याची दखल घेतली आहे.

म्हणून एक विनंती. रेशनच्या दिवशी आपल्यातले दोघं पाळीनं दुकानावर थांबूया. कुणाचा अंगठा लागला नाही तर बुबुळाची किंवा मोबाईलवरच्या ओटीपीची सोय आहे का ते शांतपणे विचारूया. जमलंच नाही, तर नोंद करून धान्य द्यायला सांगूया. नंतर त्यांना ठसे नवे करायला आधार केंद्रावर घेऊन जाऊया. मात्र कुणाचा आधार क्रमांक किंवा ओटीपी या ग्रुपवर टाकू नये.

त्या मावशींच्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे. च्या घ्या आधी."

येत्या गुरुवारी पाळ्या ठरवायच्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी जरूर यावे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥