विटेवरची बोटे

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहराच्या बाहेर स्टॅगव्हिल नावाची जुनी शेतवाडी आहे. तिथला ‘ग्रेट बार्न’ 1860 सालचा, खेचरांसाठी बांधलेला सुमारे 135 फूट लांबीचा लाकडी तबेला. आत शिरलो आणि मान आपसूक वर गेली. तुळया, कैच्या, लाकडात लाकूड बसवून केलेले सांधे. एखादे मोठे जहाज उलटे करून ठेवावे तसे छत. तोंडून ‘वा!’ निघून गेले. ती दाद कुणाला होती, हा प्रश्न बाहेर पडल्यावर सुचला.

हे बांधणारे सुतार गुलाम होते. त्या काळी बेनेहान-कॅमेरॉन घराण्याकडे सुमारे 30,000 एकर जमीन आणि जवळपास 900 माणसे मालकीची होती. गुलामांच्या बाजारात कसबी सुताराला किंमत जास्त येई. म्हणजे मी ज्या हातांना दाद देत होतो, त्यांच्या कौशल्याची नोंद मालकाने आधीच रुपयांत, म्हणजे डॉलरांत, करून ठेवलेली होती. माझे कौतुक त्या हिशेबाहून वेगळे कसे?

सुताराला स्वतःलाही सांधा जमल्याचा आनंद झाला असेलच, असे मनाने लगेच सुचवले. या विचारावर माझा विश्वास नाही. तो फार सोयीचा आहे, मालकालाही आवडला असता. पण उलट बाजूही बोचते. इथे फक्त यातनाच पाहायच्या म्हटले, तर त्या माणसाकडून त्याचे कसबही काढून घेतले जाते आणि त्याच्या वाट्याला नुसता चाबूक उरतो. दोन्हींतून सुटेल अशी दाद मला अजून सापडलेली नाही.

जवळच हॉर्टन ग्रोव्हमध्ये गुलामांची दुमजली घरे उभी आहेत. घरात चार खोल्या, खोलीत एक कुटुंब. 1865 नंतर मुक्त झालेल्यांपैकी कित्येक इथेच राहून तीच जमीन बटाईने कसत राहिले. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्या अर्पणपत्रिकेचा मला शाळेपासून अभिमान. ती छापली जात असताना या खोल्यांत कोण राहत होते, हे मात्र कधी मनात आले नव्हते. फुल्यांना दोष देण्याचे कारण नाही. कायद्याने सुटलेला माणूस जमिनीवाचून कसा अडतो, हे शेतकऱ्यांविषयी इतके लिहिणाऱ्या त्यांना कुणी शिकवायला नको होते. आळस माझा होता.

या घरांच्या धुराड्यांच्या विटांवर बोटांचे ठसे आहेत. ओल्या मातीवर उमटले आणि भट्टीत पक्के झाले. मी बोट पुढे केले, मग मागे घेतले.

ठसा लहान होता. माझी करंगळी कशीबशी बसली असती.