भार आणि बलोपासना

बलोपासना हा धर्माचा भाग मानला, तर ती स्त्रीचीही आहे का? मुंडकोपनिषद बलहीनाला आत्मलाभ नाकारते, पण तिथे स्त्री-पुरुष भेद करत नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात मारुतीची उपासना रुजवली. वेणाबाई व अक्काबाई त्यांच्या शिष्या होत्या. तरी तालीम पुरुषांचीच राहिली.

स्त्रीला वजन पेलत नाही, हा समज टिकणारा नाही. शहादा परिसरात ऊसतोडीच्या हंगामात मजूर बायका डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढतात. हा भार पोटासाठी असतो. त्यात विश्रांतीचा व खुराकाचा हिशेब नसल्याने मान-कंबर झिजते. व्यायामातला भार मात्र मोजून, बेताने वाढवतात. त्याने स्नायू बळकट होतात, हाडांची घनता टिकायला मदत होते.

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे भारोत्तोलन २००० साली आले. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ मध्ये ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून कनिष्ठ जागतिक सुवर्णपदक जिंकले.

गीतेचा सहावा अध्याय आहार, विहार आणि कर्म यांतील प्रमाणाला योगाची अट मानतो. या कसोटीवर स्वेच्छेने उचललेला भार साधनेत बसतो, लादलेला बसत नाही.