ती तुला दिसते का?

आजचे वचन : लूक ७:३६-५०



शिमोन परूश्याच्या घरी जेवणाचं बोलावणं होतं. येशू जेवायला बसलाय आणि गावातली ती बाई, जिच्याबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, अलाबास्त्र कुपी घेऊन आत येते. रडते, त्याचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते. शिमोन तोंडातून अवाक्षर काढत नाही. मनात मात्र त्याने दोघांचाही निकाल लावून टाकला : ती पापी, आणि हा काही संदेष्टा नव्हे.

प्रभू त्याच्यावर चिडत नाही. एका सावकाराची गोष्ट सांगतो. एकाकडून पाचशे दीनार येणं, दुसऱ्याकडून पन्नास. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा पाचशे म्हणजे दीड वर्षाहून जास्त घाम. दोघांचंही माफ झालं, तर जास्त प्रेम कोण करील? शिमोन बरोबर उत्तर देतो. (उत्तरं आपल्यालाही येतात.) मग येशू तोंड वळवतो बाईकडे, पण बोलतो शिमोनाशी. ही तुला दिसते तरी का, असं विचारतो.

मला हा प्रश्न फार विचित्र वाटायचा. इतका वेळ शिमोन दुसरं काय बघत होता? तो तिचं पाप बघत होता. पाहुण्याला पाय धुवायला पाणी त्याने दिलं नव्हतं, चुंबन नाही, डोक्याला तेल नाही. ती सगळी उणीव ही बाई त्याच्याच घरात भरून काढत होती, ते काही त्याला दिसलं नाही.

माझ्या धाकट्या भावाने चार वर्षांपूर्वी माझ्याकडून चाळीस हजार रुपये नेले. अजून परत आले नाहीत. गेल्या नाताळात तो आला, जेवणं झाल्यावर रात्री उशिरापर्यंत माझ्या बायकोबरोबर भांडी घासत होता. मी बाहेरच्या खोलीत बसून, हा आता तरी विषय काढतो का, याची वाट बघत होतो. मुलांना त्याने खाऊ आणला, तर माझ्या मनात आलं, याला पैसे आहेत म्हणायचे!

आज हे वचन वाचताना आईचं आजारपण आठवलं. हॉस्पिटलात अकरा रात्री तो तिच्या उशाशी बसला होता. बिलं मी भरली, पावती न् पावती फाईलला लावलेली आहे. त्या अकरा रात्रींची नोंद मात्र कुठेच नाही.

ज्याच्यावर मी रागावलोय, त्याला मी शेवटचं नीट कधी पाहिलं? त्याचं नाव निघालं की मला पहिलं काय आठवतं? आणि माझ्या घरी आलेल्याला मी काय दिलं नाही? हा शेवटचा प्रश्न मला तरी टाळावासा वाटतो. येणं सोडून द्या, असं मी म्हणत नाहीये हं. येशूनेही तिची पापं पुष्कळ होती हे झाकलं नाही.

शिमोनाने पुढे काय केलं, ते लूक सांगत नाही. भाऊ रविवारी उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसतो. मी बाजूच्या दाराने निघून जातो.

प्रार्थना : प्रभो, या रविवारी मला मागच्या दाराने बाहेर ने. आमेन.