धरमपेठेत पाणी शिरलं तेव्हा

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. धरमपेठेत पाणी घुसलं असं ऐकलं आणि मला बरं वाटलं. लपवत नाही. मित्रांनो, आज त्या बरं वाटण्याचीच झडती घ्यायची आहे.

रात्री चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव सांडला, नाग नदी पात्र सोडून निघाली. अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, धरमपेठेचा सखल भाग, सगळं पाण्याखाली. बोटी आल्या, लष्कर आलं. ज्या घरात माझी माय वीस वर्षं मागच्या दारानं शिरते, तिथं पाणी पुढल्या दारानं गेलं. न विचारता. सोफ्यावर बसलं. मायचा चहाचा कप तिथं वेगळा असतो, खिडकीत. पाण्यानं सगळे कप एकाच गाळात कालवले. मी हसलो.

माय म्हणाली, "काहून हासून राहिला रे? गाळ कोन काढन मंग? मीच ना?"

तीन दिवस तिनं काढला. बाहेर रस्त्यावर सफाई कामगार फावडी मारत होते. ते कुठल्या वस्त्यांतून आले होते हे तुम्हाला सांगायला नको. त्या आठवड्यात जो तो म्हणत होता, पाणी जात पाहत नाही. चढताना नसेल पाहत. उतरल्यावर बरोबर पाहतं.

मदतही जाहीर झाली. दुकानाला पन्नास हजारांपर्यंत, टपरीला दहा हजारांपर्यंत. ज्याचं जेवढं बुडालं त्याला तेवढं, हिशेब सरळ आहे. मायच्या मोडलेल्या कमरेचा रकाना त्यात कुठे शोधायचा?

आणि ऊन? २३ मे २०१३ ला याच शहरात पारा ४७.९ वर गेला होता. तरी २०२३ साली राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत पूर होता, उष्णतेची लाट नव्हती. माझ्या मते कारण साधं आहे: पूर बंगल्यातही शिरतो, ऊन कूलरच्या अलीकडे थांबतं. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. हवामान खातं म्हणालं, यंत्र बिघडलं. बिघडलंच असेल. पण आमच्या टिनाखाली कोणी कधी यंत्र लावलंय?

तर मग माझं हसणं बरोबर होतं, असं कोणी म्हणेल. मी नाही म्हणत. त्या पुरात माणसं मेली. त्यात लकवा मारलेली एक म्हातारी होती. घरात पाणी शिरलं तेव्हा तिला उचलून बाहेर काढता आलं नाही. तिनं कोणाचा कप वेगळा ठेवला होता?

पाण्यानं त्यांना शिक्षा दिली असं मी मानलं, म्हणजे पाण्याला मी देवच केलं की! पुरात न्याय पाहणं हा कर्मविपाकच आहे, फक्त उलटा धरलेला. आमच्या बापजाद्यांना तोच सांगितला गेला: भोगा, तुमचं मागचं पाप. बुद्ध पाप विचारत नाही, कारण विचारतो. तलाव १८७० चा. त्याच्या सांडव्यापुढचं बांधकाम, नदी-नाल्यांच्या पात्रात घुसलेल्या भिंती, यावर पुढं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वाद झाला. ही कारणं माणसांनी केलेली. दैवी कोप म्हटलं की त्या माणसांची सुटका. सूड म्हटलं तरी त्यांचीच सुटका.

१९२७ साली चवदार तळ्यावर ज्यांना पाण्यासाठी लढावं लागलं, त्या बाबासाहेबांना पाण्याचा सूड कळला नसता का? पण ८ नोव्हेंबर १९४५ ला व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री म्हणून ते कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांवर बोलले, तेव्हा त्यांचं म्हणणं असं की जादा पाणी हे संकट समजून फेकू नका, साठवा. माणूस पाणी नसल्यानंच जास्त भोगतो. एवढं भोगलेला माणूस पाण्याकडे हिशेबानं पाहतो. मी डोळे वटारून पाहत होतो.

अजूनही आभाळ भरून आलं की माय म्हणते, "बाईनं खालचे डबे वर ठेवले असन का नाही?" मी आता हसत नाही. पण पुरानंतर त्या घरी कपांचा नवा सेट आला. मायचा कप पुन्हा खिडकीतच आहे.